कायम झाल्यावर आलेला साक्षीदार

नाशिकजवळच्या सातपूरची ती तांब्याच्या तारेची चोरी अजून डोक्यातून जात नाही. सत्तरच्या दशकाची अखेर होती आणि मी तिथे फौजदार होतो.

सुट्टीच्या रविवारी एका कारखान्यातून तारेची बंडलं गेली. कुलूप शाबूत आणि किल्ली वॉचमनकडे, म्हणून मी त्यालाच अटक केली. पेठ तालुक्याकडचा गरीब माणूस. "मी नाय साहेब. किल्ली फोरमननं मागून घेतली. त्या बदलीवाल्याला इचारा, तो तिथंच व्हता," एवढंच तो म्हणत राहिला.

बदलीवाला म्हणजे तात्पुरता कामगार. कायम करावं लागू नये म्हणून काही महिन्यांनी त्याला ब्रेक द्यायचे, म्हणजे कामावरून कमी करायचे. परत घ्यायचं की नाही, ते फोरमनच्या मर्जीवर. त्याचा जबाब मी घेतला कुठे, तर फोरमनच्याच केबिनमध्ये, फोरमनचाच चहा पीत. तो खाली मान घालून म्हणाला, "मी काही पाहिलं नाही." मी सही घेतली. वॉचमन नाशिकरोडच्या जेलमध्ये गेला. त्याला जामीन राहायला कोणी नव्हतं.

आठ महिन्यांनी तोच कामगार पेढे घेऊन ठाण्यात आला.

"साहेब, आज कायम झाल्याचं पत्र मिळालं."

"मग इथे कशाला आलास?"

"त्या दिवशी माल फोरमनने टेम्पोत भरला. मी पाहिलं. टेम्पोवाला विंचूरचा आहे, दाखवतो."

माझं डोकं सणकलं. खाडकन मुस्काटात ठेवून दिली. "तो माणूस आठ महिने आत सडतोय! तेव्हा दातखीळ बसली होती?"

गाल धरून तो म्हणाला, "तेव्हा बोललो असतो तर घरी चूल पेटली नसती, साहेब."

टेम्पोवाला तासाभरात फुटला. फोरमन दोन दिवस ताठ होता. टेम्पोवाल्याला समोर उभं करताच त्यानेही कबुली दिली.

वॉचमन सुटला त्या दिवशी जेलच्या दाराशी त्याच्या बायकोने मला विचारलं, "ह्यांनी पयल्याच दिशी सांगितलं व्हतं ना?" मी जीपमध्ये बसलो.

अहवालात 'साक्षीदाराने माहिती उशिरा दिली' एवढंच लिहिलं. केबिनमधल्या चहाचा उल्लेख टाळला. त्या वर्षी माझं प्रमोशन होतं.

पोट भरलं की यांना सत्य सुचतं, असं मी बरीच वर्षं हसून सांगायचो. आज लाज वाटते. त्याला भाकरीची भीती होती, मला नुसत्या बढतीची. तो पत्र हातात पडलं त्याच दिवशी आला. मी माझी चूक सांगायला पेन्शन सुरू होईपर्यंत थांबलो. ती थप्पड चुकीच्या गालावर बसली.