ईस्टर आयलंडला गेलेली वरात

अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळींमध्ये कोणी कुठे फिरून आलं, की पॉटलकनंतर, म्हणजे घरोघरचे पदार्थ आणून केलेल्या जेवणानंतर, दिवे मालवून स्लाइड्स दाखवायची पद्धत होती. स्लाइड्समध्ये सगळे हसत उभे असतात. खरं काय झालं ते दिवे लागल्यावर, बडीशेप चघळताना बाहेर येतं. आमच्या चिलीच्या ट्रिपच्या स्लाइड्स लवकरच बेसमेंटमध्ये गेल्या, किस्से मात्र दर पॉटलकला वाढतच गेले. सुहास म्हणतो, मी त्यात मीठमसाला घालतो. घालतो थोडा! बेचव कोण ऐकणार?

हा सुहास माझा मित्र, गाड्यांचे पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत टेस्टिंगला. त्याची मुलगी मीनू तेव्हा कॉलेजात होती. तिने डॉक्टर व्हायचं हे बहुतेक बारशालाच ठरलं होतं. त्या ऐंशीच्या दशकात आमच्यातल्या मुलांना दोनच वाटा असत, डॉक्टर नाहीतर इंजिनिअर. मीनूने तिसरीच काढली. तिच्या प्रोफेसरबाई ईस्टर आयलंडवर उत्खनन करत होत्या, आणि मीनूला कॉलेज थांबवून वर्षभर तिथे त्यांच्या हाताखाली काम करायचं होतं. त्याआधी चिलीत एकटीने बॅकपॅकिंग!

सुहासने तोंडावर नाही म्हटलं नाही. "आधी जागा बघतो, माणसं बघतो, मग तिथेच सांगतो," तो म्हणाला. "नाही म्हटलं तर मुकाट्याने आमच्याबरोबर परत यायचं." म्हणून मीनूचंही परतीचं तिकीट काढलं. सुहासला सोबत म्हणून मी, आणि मूळचा नागपूरचा आमचा डॉक्टर मित्र अरविंद, असे दोन काकाही निघाले.

मीनूने कपाळाला हात लावला. "बाबा, धिस इज नॉट बॅकपॅकिंग. ही वरात आहे!"

* * *

सुहासने उभ्या आयुष्यात पाठीवर दप्तराशिवाय काही घेतलं नव्हतं. पण टेस्ट केल्याशिवाय तो कुठलीच वस्तू वापरत नाही. बाहेर गुडघाभर बर्फ, म्हणून त्याने नवीन बॅकपॅक भरला आणि मॉलमध्ये फेऱ्या मारायला सुरुवात केली. पायात भलेमोठे बूट, डोक्यावर उन्हाची टोपी.

तिसऱ्या दिवशी सिक्युरिटी गार्डने अडवलं. बॅग उघडायला लावली. आत प्रेशर कुकर, तुरीची डाळ, तांदूळ, आणि फडक्यात गुंडाळलेली किसणी.

गार्डने सगळं नीट बघितलं, परत ठेवलं आणि अदबीने म्हणाला, "सर, फूड कोर्ट वरच्या मजल्यावर आहे."

* * *

चिलीत तेव्हा लष्कराचं राज्य होतं. दक्षिणेकडे जाताना आमची बस एका नाक्यावर थांबवली आणि सगळ्यांचं सामान खाली उतरवलं. एका तरुण सैनिकाने अरविंदच्या बॅगेतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत पिवळी पूड. बायकोने दिलेलं मेतकूट!

"काय आहे हे?" त्याने खुणेने विचारलं. मेतकुटाला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात हे आमच्यापैकी कोणाला ठाऊक असणार? अरविंदने हातानेच घास घेतल्याची खूण केली. सैनिक म्हणाला, मग खा.

अरविंदने चमचाभर मेतकूट कोरडंच तोंडात टाकलं. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. सैनिक बंदूक सावरून बघतोय. मीनूने बापाचा दंड घट्ट धरलेला. शेवटी सैनिकाने स्वतः बोट बुडवून चाटलं, थोडा विचार केला आणि आणखी एक बोट चाटलं. मग पिशवीला व्यवस्थित गाठ मारून परत दिली.

बस सुटली. पाण्याची अख्खी बाटली संपवल्यावर अरविंदचा आवाज फुटला. "तूप असतं ना बाप्पा, तर मजा आली असती!"

* * *

दक्षिणेतल्या डोंगरांत वारा असा की उभा माणूस आडवा व्हावा. मीनू सरसर पुढे. आम्ही तिघं मागे, आणि दर वळणावर "जरा चहा टाकू या का?" बिचारी प्रत्येक वेळी थांबायची. चिडायची, पण थांबायची.

वाटेतल्या झोपडीवजा मुक्कामाच्या जागी एक जर्मन मुलगी भेटली. ती खरोखरीच एकटी फिरत होती. मीनू तिच्याकडे ज्या नजरेने बघत होती, ते मला बघवेना. जर्मन मुलीने आमच्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे तुझे गाइड आहेत का?"

"नो," मीनू म्हणाली, "दे आर माय लगेज."

सुहासलाही हे ऐकू गेलं. त्या संध्याकाळी चहाचा विषय त्याने काढला नाही.

* * *

मग विमानाने ईस्टर आयलंड. चहूकडे समुद्र, मधे एवढंसं बेट, आणि समुद्राकडे पाठ करून चौथऱ्यावर रांगेत उभे असलेले ते प्रचंड दगडी पुतळे. फोटोत शंभरदा बघितले होते, तरी समोर गेल्यावर मान वर करून बघतच राहिलो.

अरविंद देवभोळा. पुतळे कोणाचे, कशाचे, काही चौकशी न करता त्याने लांबवरच बूट काढले, हात जोडले आणि सगळ्या चौथऱ्याला प्रदक्षिणा घालायला लागला. तेवढ्यात अमेरिकन टूरिस्टांची व्हॅन आली. त्यांना वाटलं, इथला नियमच असावा. सगळ्यांनी भराभर बूट काढले आणि अनवाणी अरविंदच्या मागे निघाले. दगड टोचत होते, पण एकानेही तक्रार केली नाही!

त्यांचा गाइड त्याच बेटावर जन्मलेला. तो चक्रावला. अरविंदला बाजूला घेऊन म्हणाला, "ही कुठल्या टोळीची प्रथा? मी कधी ऐकली नाही."

अरविंद म्हणाला, "नागपूर."

* * *

प्रोफेसरबाई पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, हाफ पँटमध्ये. तंबूबाहेर खुर्च्या मांडून त्यांनी आम्हाला कॉफी दिली. सुहासने खिशातून चष्मा काढला आणि स्थळ बघायला आल्यासारखी चौकशी सुरू केली. मुली राहतात कुठे? स्वयंपाक कोण करतं? आजारी पडलं तर दवाखाना किती लांब? तुमच्या घरी कोण कोण असतं? बाईंनी न चिडता सगळं सांगितलं. मीनू मान खाली घालून कॉफीचा मग नुसताच फिरवत होती.

शेवटी सुहास म्हणाला, "पण मॅडम, हिने डॉक्टर व्हायचं ठरलंय."

"आय अ‍ॅम अ डॉक्टर," बाई हसून म्हणाल्या.

"नो, रिअल डॉक्टर," असं म्हणून सुहासने अरविंदकडे बोट दाखवलं. "लाइक हिम. विचारा त्याला!"

अरविंदने पुतळ्यांकडे बघत कॉफी खाली ठेवली. मग मराठीत म्हणाला, "मला कुठं कोणी विचारलं होतं बे?"

सुहासने चष्मा काढून परत खिशात ठेवला. कॉफी निवाली.

* * *

ज्या डोंगरातून हे पुतळे कोरले, तिथे अर्धवट राहिलेले कितीतरी पुतळे अजून दगडातच आडवे पडलेत. बाईंनी मीनूला त्यातल्या एकाची मापं घ्यायला सांगितली होती. टेपचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, म्हणून सुहास उभा राहिला. मी आणि अरविंद सावलीत बसलो.

थोड्या वेळाने आरडाओरडा ऐकू आला. मला वाटलं, झालं, बापलेकीचं जुंपलं. धावत वर गेलो, तर सुहास पुतळ्याच्या नाकाशी पोटावर पालथा, शर्ट लाल मातीने माखलेला. वरून ओरडतोय, "टेप सैल आहे तुझी! परत माप!"

"बाबा, आय डिड इट ट्वाइस!"

"मग तिसऱ्यांदा कर! ज्याने कोरलं, त्याने आळस केला का?"

दुपारचं जेवण राहिलं. ऊन उतरलं, तरी खाली यायला दोघंही तयार नव्हती. अरविंद मला म्हणाला, "चाल, आपण जेवून घेऊ. ही टेस्टिंग लांबून राहिली."

* * *

निघायचा दिवस आला, तरी सुहासने हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. विचारायची हिंमत मीनूला होईना, आणि आम्हालाही. विमान चुकलं तर पुढच्यासाठी बरेच दिवस बसावं लागलं असतं. सकाळी मीनूने मुकाट्याने बॅग भरली. डोळे सुजलेले. जीपमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली, आणि सुहास दुसऱ्या खिडकीबाहेर. मला त्या पोरीसाठी फार वाईट वाटत होतं, आणि त्या गाढवाचा राग येत होता.

एअरपोर्ट म्हणजे एक बैठी इमारत आणि एक काउंटर. सगळ्यांची तिकिटं सुहासच्याच पाऊचमध्ये. वजनकाट्यावर माझी बॅग गेली, अरविंदची गेली, सुहासची गेली. मीनूने तिची उचलायला हात घातला, तर सुहासने पायाने ती हळूच मागे सरकवली.

काउंटरवरच्या माणसाने पुढ्यातली तिकिटं बघितली. तीनच होती. मग त्याने मान वर करून मीनूकडे बघितलं. "अँड द सीन्योरिता?"

सुहासने पाऊचची चेन बंद केली आणि साऱ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "शी? नो, नो! शी हॅज ओन्ली कम टु ड्रॉप अस!"