ज्योतिबाचे जादा पाटे

उंब्रजच्या चौकात आम्ही सहा पिकअपवाले भाड्याची वाट बघत उभे असतो. त्यात ज्योतिबाची गाडी सगळ्यात जुनी. तरीही हरणाबाईंचा हौशा शर्यतीला न्यायचा मान त्याचाच. हे मला बघवत नसे. उगाच खोटं कशाला बोलू?

हौशा म्हणजे आमच्या भागात नाव काढलेला खिलार बैल. तो गाडीत असला की रस्त्यावरची माणसं हात करतात, मैदानात फोटो निघतात आणि बैलाबरोबर ड्रायव्हरचंही नाव होतं. ज्योतिबा त्याच्यासाठी हौद्यात वाळू पसरायचा, वर पेंढा टाकायचा. गतिरोधक आला की मागच्या खिडकीतून ओरडायचा, "हौशा, गचका हाय रं!" बैलही म्हणे पाय रोवून उभा राहायचा. चहा पिताना आम्ही त्याची नक्कल करून हसायचो. सगळ्यात मोठ्यानं मी.

दोन वर्षांपूर्वी तो मान एकदा माझ्या वाट्याला आला होता. ज्योतिबा तापानं पडला, म्हणून हौशाला आटपाडीकडच्या मैदानाला मी नेलं. माझ्या गाडीच्या मागच्या कमानींना, म्हणजे स्प्रिंगांना, विटांच्या ओझ्यासाठी दोन-दोन पोलादी पाटे जादा घातलेले. भरपूर माल असला की गाडी झोकात चालते, पण एकटा बैल म्हणजे तिला काहीच नाही, कमानी दबतच नाहीत. प्रत्येक खड्ड्याला मागची बाजू उडायची. हौशा उतरला तेव्हा त्याच्या मांड्या लटपटत होत्या, गुडघा सोलला होता. तो पळालाच नाही. 'बैलाचं मन नव्हतं,' असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण मला वाटेतच कळलं होतं. हरणाबाईंनी त्यानंतर मला कधी फोन केला नाही.

यंदा एका भट्टीवाल्यानं ज्योतिबाला विटांचं काम देऊ केलं. अट एकच, पाटे वाढवायचे. नाहीतर जुनी गाडी ओझ्यानं बसेल. ज्योतिबाचं मन होईना. तो माझ्याकडे आला.

"दादा, तुझ्या गाडीला हायत म्हणून इचारतो. हौशाला तरास न्हाई ना व्हनार?"

"त्याला काय हुतंय? घाल डोळं झाकून," मी म्हणालो.

म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर लटपटत उतरणारा हौशा होता आणि या वेळी शेजारी मान खाली घातलेला ज्योतिबा. मला बरं वाटलं. मला नाही ना तो मान, मग त्यालाही नको.

केरबा मिस्त्रीनं पाटे घातले. गाडीची मागची बाजू चांगली वीतभर वर आली. चौकात जो तो म्हणाला, "लय झ्याक दिसतीया." मला तेवढंही सोसेना.

रविवारी खटावकडे मैदान होतं. शनिवारी दुपारी ज्योतिबा लंगडत माझ्या दारात आला. त्यानं बायकोला, संयोगिताला, गाडी चालवायला बसवलं होतं आणि स्वतः मागं हौशाच्या जागी, बैल बांधायची कडी धरून, मसूरपर्यंत उभा राहून आला होता. परतही तसाच.

"गुडघं पार निखळलं, दादा," तो म्हणाला. "तवा हौशा का पळला न्हाई, त्ये आज कळलं. तुला तरी काय ठावं असणार! आपण म्होरं बसणारी माणसं. हरणामावशीला सांगून आलोय, तुझा काय बी दोष न्हाई. चल, तिला भेट. आन् त्ये इटांचं काम तूच घे, मी पाटं काढून टाकलं."

मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण त्याच्याआधी वाटला तो हेवाच. चांगलं वागणंसुद्धा या माणसाला किती सहज जमतं!

हरणाबाईंच्या गोठ्यात पोचताच ज्योतिबा थेट हौशाकडे गेला. हरणाबाई माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "त्याला एका फेरीत कळलं. तू इतकी वरसं तसलीच गाडी चालवतोस, तुला ठावं नव्हतं व्हय रं?"

मी पायानं खालचा पेंढा सारू लागलो.

"म्या न्हाई सांगत त्याला," त्या म्हणाल्या. "त्याचा तुझ्यावर लय इस्वास हाय."

तिकडून ज्योतिबा बोलवत होता, "दादा, लांब का हुबा? ये की, हात लाव त्याला!"

मी जागचा हललो नाही. हरणाबाई वैरणीची पाटी उचलून त्याच्याकडे गेल्या. ती दोघं आणि तो बैल एकत्र उभी होती आणि एवढं सगळं होऊनही मी ज्योतिबावर जळत होतो.