काचेबाहेरचे दगड

वर्षश्राद्ध झाल्यावर मी यजमानांचे दगड डिचोलीच्या एका लहानशा विज्ञान संग्रहालयाला दिले. पाळी गावच्या लोहखनिजाच्या खाणीवर नमुने तपासण्यात त्यांची हयात गेली. आवडलेले तुकडे ते घरी आणत आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवत. देताना मी एकच अट घातली होती, दगड बंद काचेत राहावेत. त्यांच्यावर शेवटचा हात यांचा फिरला होता; तो पुसला जाऊ नये, एवढंच मनात होतं.

संग्रहालयाच्या मॅडमनी अट मान्य केली. इंग्रजी पाट्यांपुढे गावची माणसं थांबतच नाहीत, म्हणून मराठी पाट्या त्यांनी माझ्याकडून लिहून घेतल्या. मी निवृत्त शिक्षिका.

पाट्या लागल्यावर शेजारच्या काकींना घेऊन गेले. त्या सावंतवाडीकडच्या. तरुणपणी त्याच खाणीवर माल निवडायला होत्या, खनिज एकीकडे आणि टाकाऊ दगड दुसरीकडे. शाळा त्यांनी पाहिली नाही, आणि आता नजरही जवळजवळ गेली आहे.

दारात त्यांनी चपला काढल्या.

"काकी, इथं चालतात चपला."

"असूंदे. लादी थंड आसा."

मी एकेक पाटी वाचू लागले. पाचव्या पाटीला त्या म्हणाल्या, "बाई, वाचतास बरा. पण ह्या तुमी माका घराकडेच वाचून दाखवल्यात असता. बसचे धक्के खावक कित्याक आणलास?"

मॅडमना हसू आलं. मग त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. किल्ली त्यांच्याकडे होती, पण अट माझी होती. काकींनी दोन्ही पंजे काचेवर टेकले होते.

"उघडा," मी म्हणाले.

काकी एकेक तुकडा उचलून नुसता तोलू लागल्या. एक मात्र त्यांनी लगेच खाली ठेवला. "हो कोणी ठेवलो हंय? हो माल न्हय, चिरो. घराच्या भिंतीतलो!"

त्याच्या पाटीवर माझ्याच अक्षरात 'लोहखनिज' होतं. दोन्ही लाल, म्हणून शेजारच्या तुकड्याच्या पाटीशी माझ्याकडून अदलाबदल झाली होती.

"मुकादमान बघल्यान असता तर तुमचो खाडो मांडल्यान असतो, दिसाची मजुरी गेली असती, बाई!"

मला हसू आवरेना. हातात धरून बघ, असं हे कितीदा म्हणत. साडीला डाग पडेल म्हणून मी लांबूनच बघत असे. आता मी दोन्ही दगड दोन हातांत घेतले. खरं खनिज होतं तो हात आपोआप खाली गेला.

काच परत लावू नका, असं मी मॅडमना सांगितलं. दगड आता उघड्या मेजावर आहेत, चाकांच्या खुर्चीतूनही हात पोचेल इतक्या उंचीवर. काहींच्या कडा गुळगुळीत होऊ लागल्यात. यांच्या हाताचं त्यांवर काही उरलं नसेल. महिन्यातून एकदा काकी तिथं बसून लोकांना माल ओळखायला शिकवतात. मी बाजूच्या बाकावर पुस्तक उघडून बसते. वाचन फारसं होत नाही.