बैलाचं हृदय

"तुझं उत्तर नको. तू हृदय आण."

सर असं म्हणाले तेव्हा माझा हात वर होता. हृदयाला कप्पे किती, हा त्यांचा प्रश्न होता आणि उत्तर मला येत होतं. वर्ग खदखदून हसला. मी हात खाली घेतला.

मॅट्रिकची परीक्षा तोंडावर आली होती. सर शाळा सुटल्यावर जीवशास्त्राची उजळणी घ्यायचे. पचन, श्वसन, रक्ताभिसरण. बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा होता. चाऱ्यावाचून गावोगाव ढोरं मरत होती. त्या दिवशी सकाळी दत्ताच्या घरचा बैल मेला होता. दत्ता म्हणजे आमच्या गावच्या बड्या जमीनदाराचा पोरगा, माझ्याच वर्गातला. लाल कंधारी बैल, चांगला उंचापुरा. ओढ्याच्या काठाला नेऊन टाकला होता.

"चार कप्पे प्रत्यक्ष दाखवतो. बोर्डाला हमखास येतंय," सर म्हणाले. "तू आज जा, फाडून हृदय काढून आण. तुमच्या हाताला सवय हाय."

"सर, आमी ते काम सोडलंय."

"अरे, हे शास्त्र हाय. शास्त्राला कसली शिवाशिव?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. खरं सांगतो, नव्हतं.

आमच्या वस्तीनं छप्पन साली दीक्षा घेतली आणि मेलेली ढोरं ओढायचं, फाडायचं काम टाकलं. बानं कातडं सोलायची सुरी ओढ्याच्या डोहात फेकली. त्यापायी गावानं वस्तीला काम देणं बंद केलं. बा झरी गावापर्यंत चालत जाऊन मजुरी शोधायचा. मी त्या वेळी रांगत होतो. हे सगळं ऐकूनच वाढलो.

घरी जाऊन सांगितलं. माय म्हणाली, "एक बार आणून दिलं तर काय व्हतंय रे? तुझी साळा तुटाय नगं."

बा बाजेवर बसला होता. बाजेची सैल दोरी ओढत राहिला. मग म्हणाला, "मला इचारू नगंस. साळा तुझी हाय."

बानं नाही म्हणायला पाहिजे होतं. निदान शिव्या तरी द्यायच्या. तो उठून बाहेर गेला.

मी कुडात खोचलेला विळा घेतला आणि ओढ्याकडं निघालो.

एक गोष्ट मला लपवायची नाही. मला ते हृदय बघायचं होतं. माझ्या जुन्या पुस्तकात हृदयाचं चित्र होतं ते छपाईत फिसकटलेलं. कोणती झडप कुठं उघडते, काही कळायचं नाही. बैलाजवळ उभा राहिलो. पोट फुगलेलं, डोळ्यांवर माशा. भीती वाटली नाही, किळस आली नाही. वाटलं, हिथं आत, बरगड्यांच्या मागं ते हाय. हात घातला की सापडंल.

तेवढ्यात वर दरडीवर आवाज झाला. दत्ता होता, संगं दोघं. तिघांनी नाकाला सदऱ्याचं टोक लावलेलं.

"फाड की रे! आमी हिथून बघतो."

मी म्हणालो, "खाली ये. बैलाचा पाय वर ओढून धर. एकट्याला जमत न्हाई."

"येडा झाला का? मी बाटीन ना!"

"सर म्हणले, शास्त्राला शिवाशिव न्हाई."

दत्ता हसला. "ते तुला म्हणले."

बस. ज्या प्रश्नावर मी वर्गात गप्प बसलो होतो, त्याचं उत्तर दत्तानंच देऊन टाकलं. फाडायचं मी. बघायचं त्यांनी. मग वर्गात शहाणं व्हायचं तेही त्यांनीच. बैल त्यांचा, शास्त्र सरांचं, आणि माझा नुसता हात.

मी विळा कमरेला खोचला आणि त्यांच्यासमोरून दरड चढून घरी आलो. मागून शिव्या आल्या. वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांदेखत विचारलं, "हृदय कुठाय?"

"बैलापाशीच हाय, सर. दत्ताला वाट माहीत हाय."

सर उठले, दार उघडलं आणि बोटानं बाहेर दाखवलं. "माज आलाय. आजपासून उजळणीला बसायचं न्हाई."

उजळणी दोघांनी करायची गोष्ट असते. एकानं विचारायचं, एकानं सांगायचं. मला विचारणारं कोणी उरलं नाही. वस्तीत मॅट्रिकला मी एकटाच. शाळेत पोरं माझ्याजवळून उठून जायची. मी कोरड्या ओढ्यात बसायचो, वाळूत काडीनं रक्ताच्या वाटा काढायचो. शरीरातून उजवीकडं, तिथून फुफ्फुसात, फुफ्फुसातून डावीकडं. वारा आला की वाळू सारखी व्हायची. पुन्हा काढायचो. स्वतःचं मनगट धरून बसायचो, नाडी मोजायला नाही, नुसती संगतीला.

घरी मायला म्हणायचो, "माय, मला इचार, रक्त कुठं शुद्ध होतं?"

माय भाकरी थापता थापता विचारायची, "रगत कुठं सुद व्हतंय रे?"

"फुफ्फुसात."

"बरुबर," माय म्हणायची. बरोबर का चूक, तिला काय कळणार? तरी दर बारी म्हणायची. बा भिंतीला टेकून ऐकायचा. एकदा मी अडलो तर तो हळूच बोलला, "काल तर येत व्हतं की तुला."

मी पास झालो. परभणीला कॉलेजात गेलो. तिथं प्रत्येकाच्या पुढ्यात वेगळा बेडूक, वेगळी सुरी. सोवळ्यातल्या घरच्या पोरीसुद्धा कापत होत्या, आणि कोणी बाटत नव्हतं. मी बेडकाचं हृदय बघितलं. अजून हलत होतं. सगळे एकमेकांना बोलावून दाखवत होते. मला ओढा आठवला आणि दाखवायला कोणाला बोलावू ते सुचलं नाही.

आता मी बी. एस्सी. आहे. माझ्या घराण्यातला पहिला. एका खेड्यातल्या हायस्कुलात शास्त्र शिकवतो. राग गेलेला नाही. जाऊ देणारही नाही.

काल उजळणीत मी म्हणालो, उद्या बेडूक कापून दाखवू. पुढच्या बाकावरचा पाटलाचा पोरगा लगेच बोलला, "सर, त्याला सांगा की कापायला. त्याला जमंल." त्याचं बोट मागच्या बाकावर, वस्तीतल्या पोराकडं.

मी पाटलाच्या पोराला म्हणालो, "उद्या पहिली सुरी तुझ्या हातात. मग तो, मग बाकीचे. शेवटी बेडकाचं ताट धुवायचं तेही सगळ्यांनी. जो हात लावणार न्हाई, त्याला बघायला मिळणार न्हाई."

"सर, आमचे बाबा..."

"बाबांना घेऊन ये. त्यांनाबी हेच सांगतो."

येतील. येऊ देत. मी दारातच उभा राहणार आहे.