थंडोबाचा पंखा

थंडोबाच्या घरी पाहुण्याला पाणी मिळायचं, चहा मिळायचा, वारा मात्र मिळायचा नाही. घरातला एकुलता एक टेबलफॅन त्याच्या कॉम्प्युटरकडे तोंड करून बसलेला असायचा. मे महिन्यात पत्र्याखाली घाम पुसत बसलेल्या माणसाने पंख्याकडे हात नेला, की हा म्हणायचा, "तुमी घाम गाळून गार होता. कार्डाला घाम येत नाय."

थंडोबा म्हणजे माझा चुलतभाऊ. म्हसा गावाच्या अलीकडच्या एका खेड्यात आम्ही एकाच अंगणात वाढलो. मुरबाडला एका कारखान्यात कंत्राटावर राबून त्याने जुनं ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं. गेममधलं चित्र पळवतं ते हे कार्ड, आणि पळवता पळवता तव्यासारखं तापतं. खेळता खेळता तो मध्येच थांबायचा, "जरा गार होऊ दे" म्हणायचा, म्हणून गावाने हे नाव ठेवलं.

भाताची झोडणी सुरू झाली की अंगणातला भुसा उडून थेट कार्डाच्या पंख्यात जाऊन बसायचा. मग थंडोबा ते उघडून, पात्यावर बोट दाबून, रंगाच्या ब्रशने झाडत बसे. बोट कशाला, असं मी विचारलं तर म्हणाला, "फुकट गरगरलं की खराब होतं गो." गेममधलं गवत, सावल्या, पाण्यावरची चमक, सगळं तो कमीत कमी ठेवायचा. चित्र मळकं दिसायचं, पण त्याच्यासारखा खेळणारा मी दुसरा पाहिला नाही. पारावरची मंडळी मात्र हसायची. "मशीनला वारा घालतो, आईला नाय," म्हणायची.

एकदा पुण्याच्या एका संघाने त्याला चाचणीला बोलावलं. खेळायचं घरूनच, ऑनलाइन. निवड झाली तर पगारी खेळाडू. कंत्राटातून सुटायची त्याला दिसलेली ती एकच वाट होती. नेमकी त्याच दिवशी शेजारी हळद. आमच्याकडे हळद असली की आळीतल्या घरांनी खाटा, पातेली, पंखे मांडवात द्यायचे, ही रीत. सकाळीच नवरीचा काका दारात उभा. "वहिनी, पंखा द्या. म्हाताऱ्या मान्सांना घेरी येते."

"आये, आजचा दिस नको," थंडोबा म्हणाला. त्याने आईकडे कधी काही मागितल्याचं मला दुसरं आठवत नाही.

"मांडवाला नाय म्हनतात का रे?" काकू म्हणाली, आणि पंखा उचलून देऊन टाकला.

दुपारी खेळ सुरू झाला. खिडकीला ओलं गोणपाट, आणि मी सुपाने वारा घालतेय. सुरुवातीलाच त्याने तिघांना लोळवलं. हेडफोनमधून पुण्याची पोरं ओरडत होती, ते मलासुद्धा ऐकू येत होतं. मग पडद्याच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा चढू लागला, चित्र अडखळू लागलं, आणि ऐन वेळी पडदा काळा झाला. मशीन पुन्हा सुरू होईस्तोवर त्यांनी दुसरा खेळाडू घेतला होता.

थंडोबा उठून मांडवात गेला. मी मागोमाग. म्हातारी माणसं पदराने, टोपीने वारा घेत बसली होती. आमचा पंखा डीजेच्या ॲम्प्लिफायरसमोर फिरत होता.

"मशीन तापतं ना," नवरीचा काका म्हणाला, "बंद पडलं तर हळदीची मजाच जाईल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पारावर हसणारी तोंडं हीच. त्या पंख्याला लाथ घालावी असं वाटलं. थंडोबाने वाकून पंखा जरासा वळवला. "मागनं गरम हवा जायला जागा ठेवा," एवढंच म्हणाला आणि घरी गेला.

त्याने कार्ड विकलं. आता तो भिवंडीला गोदामात असतो. सणाला येतो, जेवतो, खेळाचं नाव काढत नाही. पोरगा सुधारला, असं काकू सांगत फिरते. मला ते ऐकवत नाही. त्या हळदीचं म्हणाल, तर ती पहाटेपर्यंत दणक्यात वाजली. मशीन एकदाही बंद पडलं नाही.