बंद खिडक्यांआडचा खोकला

माझा मोठा भाऊ गल्फमधून सुट्टीवर आला तो खोकला घेऊनच. आमच्याकडे खोकल्याला कोणी घाबरत नाही, घाबरतात ते मेडिकलला. परत कामावर जायचं तर मुंबईत छातीचा फोटो काढतात आणि त्यात डाग दिसला की माणूस अनफिट. म्हणून सरकारी दवाखान्याचं नाव काढायचं नाही. बोर्ली पंचतनच्या बाजारातून औषधाच्या बाटल्या आणायच्या आणि गप्प बसायचं.

काळजी मात्र घेतली हं! भावाचा कप वेगळा, ताट वेगळं. अम्मी ती भांडी उकळत्या पाण्यानं धुवायची. आणि खोकला शेजारी जाऊ नये म्हणून सगळ्या खिडक्या बंद. त्याच कोंदट खोलीत भाऊ, भाभी आणि त्यांची लग्नाची मुलगी झोपायची. माझं सासर पलीकडच्याच मोहल्ल्यात. मी रोज जायची, खिडकी उघडायची आणि बोलणी खायची. करोनात फोन लावला की आधी सूचनाच ऐकावी लागायची, रोग कसा पसरतो ते पोराटोरांना पाठ होतं. पाठ असून काय उपयोग?

भाऊ मेडिकलमध्ये अडकला. टीबी निघाला, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना तपासायला बोलावलं. मुलगी सोडून सगळे गेले. तिचं म्हसळ्याला ठरत आलं होतं.

"भाई, पोरगी खोकते हाय," मी म्हटलं.

"निकाह होऊ दे. मंग बघू."

स्वतः रोज गोळ्या गिळणारा माणूस हे बोलतो! माझं डोकंच फिरलं. म्हणजे घरचं दुखणं जहेजात घालून दुसऱ्यांकडे पाठवायचं?

भाचीला रिक्षात बसवून मीच तपासायला नेलं. तिलाही टीबी होता. दवाखान्यात ओळखीचं कोणीतरी भेटलंच. बातमी म्हसळ्याला पोचली, स्थळ मोडलं आणि माहेरचं दार मला बंद झालं.

भाचीच्या औषधांचा कोर्स संपल्यावर ईदला मी शीरखुर्मा घेऊन गेले. दार तिनंच उघडलं.

"फुफी, खोकला घरात सगल्यांनाच ऐकू येत व्हता. अम्मीला, अब्बांना, दादीला. कोन बोललं न्हाय. तुलाच बोलायची घाई का झाली?"

एवढं सगळं ती एका दमात बोलली, मध्ये एकदाही न खोकता, आणि माझ्या तोंडावर दार लावून घेतलं.