चोरआजोबांची हाक

शाळेत सुरक्षेचा सराव सुरू झाला तेव्हा चोर कोणी व्हायचं, हा प्रश्न आला. खेळाचे सर जिना चढूनच दमायचे. मोठ्या बाईंचं नाव सुचवायची कोणाची हिंमत झाली नाही. शेवटी ही माळ प्रयोगशाळेतल्या सहायकांच्या गळ्यात पडली. निवृत्तीला टेकलेला माणूस, आणि आवाज असा की रागावले तरी माफी मागितल्यासारखं वाटायचं.

नियम साधा होता. लांब घंटा झाली की वर्गाचं दार आतून बंद, मुलं बाकांखाली आणि तोंडाला कुलूप. बाहेरून कोणीही बोलावलं तरी दार उघडायचं नाही. सराव संपला की मोठ्या बाई स्वतः किल्लीने उघडणार.

पहिल्या वेळी ते माझ्या पहिलीच्या वर्गाबाहेर आले, टकटक केली आणि म्हणाले, "बाळांनो, मी चोर आहे. आत येऊ का?"

अर्धा वर्ग "या" म्हणाला. त्यांच्याच नातीने दार उघडलं, एकाने पाणी विचारलं. तेव्हापासून सगळी शाळा त्यांना चोरआजोबा म्हणू लागली. आम्ही शिक्षकांनी पोट धरून हसून घेतलं. ते मात्र हसले नाहीत.

"बाई," ते मला म्हणाले, "माझ्या मुलाचा आवाज हुबेहूब माझ्यासारखा आहे."

मुलगा म्हणजे त्या नातीचा बाप. त्याचा हात आधी बायकोवर सुटायचा, मग एकदा मुलीवरही सुटला. सून घर सोडून निघाली तेव्हा तिची बॅग सासऱ्यांनीच उचलली, आणि तेही तिच्यासोबत राहायला गेले. कोर्टाने बापाला मुलीजवळ फिरकायला मनाई केली. मग एकदा सहायक तापाने रजेवर असताना त्या बापाने ऑफिसात फोन केला. मोठ्या बाईंना वाटलं सहायकच बोलतायत. त्यांनी नात कधी सुटते ते सांगून टाकलं, वर काढा घ्या असंही बजावलं.

"त्याने दाराबाहेरून हाक मारली तर पोर उघडेल," सहायक म्हणाले. "मीच आहे असं समजून."

मग त्यांनी चोरी मनावर घेतली. एका सरावात म्हणाले डबा आणलाय, दुसऱ्यात म्हणाले आई आलीये. नात दर वेळी उघडायची. ते आत येऊन कोरडेपणाने सांगायचे, "चुकलीस." ती रडायची आणि माझं डोकं फिरायचं.

"अहो, सहा वर्षांची आहे ती," मी एकदा सुनावलं. "का छळताय तिला?"

"छळायला दुसरा टपलाय, बाई."



परवाच्या सरावात ती बाकाखाली मला चिकटून बसली होती.

"बाळा, आजोबा आलोय. उघड."

कोणी हललं नाही.

"सराव संपला गं. मोठ्या बाईंनीच पाठवलंय."

तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. बाहेर धप्पकन आवाज झाला.

"पडलो गं मी. उठता येत नाहीये."

मी उठलेच. खरं सांगते, मी सगळे नियम विसरले होते. तिने माझा हात घट्ट ओढून मला खाली बसवलं. तिच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहत होतं.

बऱ्याच वेळाने मोठ्या बाईंनी दार उघडलं. सहायक बाहेर भिंतीला टेकून फरशीवर बसले होते. शेजारी त्यांनी मुद्दाम आपटलेली वाळूची बादली पडली होती. नात त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"खरंच पडला होता?"

"नाही."

"मला वाटलं, खरंच पडलात."

"तरी उघडलं नाहीस?"

तिने मान हलवली. त्यांनी तिला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

"आजोबा, उद्या खरंच पडलात तर?"

"तरी उघडायचं नाही," ते म्हणाले, आणि मग त्यांना रडू आवरेना.